नाकतोड्याच्या पोटातून अळ्या! हा काय प्रकार आहे?

ओसरी | ३० ऑगस्ट २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. जेवताना वाचू नका, आधीच सांगते.

हरतालिकेच्या संध्याकाळी दूर्वा आणि पत्री आणायला मी आणि लेक कॉलनीमागच्या रिकाम्या प्लॉटवर गेलो होतो. इंदुरात असे प्लॉट शिल्लक आहेत तोवर पत्री विकत आणायची नाही, असा सासूबाईंचा दंडक. दूर्वांच्या जुडीबरोबर एक नाकतोडा घरात आला. मातकट, बोटाच्या दोन पेरांएवढा. लेक सातवीत. त्याने तो जॅमच्या रिकाम्या बाटलीत ठेवला, झाकणाला भोकं पाडली, रोज ताजं गवत घालत होता. गणपती बसले, ऋषिपंचमी झाली, माझं बाटलीकडे लक्षच नव्हतं.

काल लेक म्हणाला, "आई, हा उडीच मारत नाहीये." आज आरती आटोपून पाहिलं तर नाकतोडा कुशीवर पडलेला आणि मानेमागच्या मऊ भागातून एक पांढरी अळी बाहेर येत होती. आली, गवतात शिरली. पंधरा मिनिटांत दुसरी. मग तिसरी. बिनपायाच्या, तांदळाच्या दाण्याहून मोठ्या, एका टोकाला निमुळत्या. एवढ्याशा जिवात तीन मावल्या कशा?

हे नक्की काय आहे? घरात गणपती आहेत, सासूबाई म्हणतात बाटली आत्ताच्या आत्ता बाहेर फेक. लेक म्हणतो फेकायची नाही. मी मध्ये.

गोगलगाय | ३० ऑगस्ट, रात्री ११:०५

ताई, इशारा 'जेवताना'चा होता. मी निर्धास्तपणे बासुंदी घेऊन बसलो होतो. असो. बासुंदी फ्रीजमध्ये परत गेली आहे.

झणझणीत | ३० ऑगस्ट, रात्री ११:२०

यात नवल काही नाही. किडा मेला, माशी बसली, अळ्या पडल्या. बाटलीला भोकं आहेत ना? मग झालं. नाहीतर ते जंत असतील. माझ्या मावसभावाने कोकणात नाकतोड्याच्या पोटातून वीतभर लांब, काळपट दोरा निघताना पाहिला होता. पाण्यात पडल्यावर वळवळत होता म्हणे.

पंखपुराण | ३१ ऑगस्ट, सकाळी ६:५०

फेकू नका! आधी बाटली सांभाळा, बाकी नंतर.

आता एकच प्रश्न, आणि सगळं उत्तर त्यावर अवलंबून आहे. पहिली अळी बाहेर आली तेव्हा नाकतोडा जिवंत होता की मेलेला?

झणझणीत म्हणतात तसं मेलेल्या किड्यावर माशा येतातच. त्या सफाई कामगार. पण अळी बाहेर पडताना किडा जिवंत असेल तर ती मेल्यावर आलेली नव्हे, ती आधीपासून आत राहत होती. दोन्ही अळ्या दिसायला बहिणी-बहिणी, प्रकरण मात्र अगदी वेगळं.

तुमच्या मावसभावाने पाहिला तो दोराही खरा आहे, पण ती माशीची अळी नव्हे. केसासारख्या लांब कृमींचा तो एक स्वतंत्र गट आहे. त्यांना प्रजननासाठी पाणी लागतं, म्हणून वाढ पुरी झाली की त्यांचा यजमान, म्हणजे ज्याच्या पोटात ते राहतात तो किडा, पाण्यात जाऊन पडतो. ओसरीताईंच्या अळ्या आखूड, गुबगुबीत आणि एका टोकाला टोकदार आहेत. त्या माशीच्याच.

ओसरी | ३१ ऑगस्ट, सकाळी ९:१५

जिवंत होता, शंभर टक्के. मिशा हलत होत्या, एक मागचा पाय ताणत होता. लेकाने मोबाइलवर व्हिडिओ घेतला आहे. तिसरी अळी निघाल्यावरही अर्धा तास तो धडपडत होता. रात्री कधीतरी गेला. लेक थोडा रडला.

बाटली फेकली नाही. बाल्कनीत ठेवली आहे, सासूबाईंना 'फेकली' असं सांगितलं नाही आणि 'ठेवली' असंही सांगितलं नाही.

पंखपुराण | ३१ ऑगस्ट, सकाळी १०:३०

शाबास चिरंजीवांची. आता पहिलं काम: बाटलीत दोन-तीन बोटं उंचीची भुसभुशीत माती घाला. ओलसर हवी, चिखल नको. त्या अळ्यांना आता खायचं नाही, फक्त जमिनीत शिरून कोश करायचा आहे. माती नसेल तर गवतात, कागदाखाली कुठेही करतील, पण सुकून मरण्याची भीती. झाकण काढून तोंडाला बारीक विणीचं कापड बांधा, भोकांतून दुसरी माशी आत यायला नको.

मग मोबाइलच्या कॅमेऱ्यावर भिंग धरून अळीचं जाड टोक पाहा. निमुळतं टोक तोंडाचं, जाड टोक शेपटीचं. त्या जाड टोकाला खोलगट खळगा आणि खळग्यात दोन तपकिरी ठिपके दिसतात का सांगा. ती तिची श्वासाची छिद्रं.

मी बडोद्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण असं काही दिसलं की दुपारची झोप जाते.

ओसरी | ३१ ऑगस्ट, दुपारी २:००

कुंडीतली माती घातली. अळ्या अक्षरशः दहा मिनिटांत खाली गेल्या, जणू वाट पाहत होत्या. एकीचा फोटो त्याआधी मिळाला. खळगा आहे, ठिपके आहेत. आज गौरी यायच्या आहेत, त्यामुळे संध्याकाळी माझ्याकडून काही उत्तर येणार नाही.

पंखपुराण | ३१ ऑगस्ट, दुपारी ४:२०

मग ही बहुधा सार्कोफॅजिडी कुळातली माशी. आपल्याकडे उघड्या मांसावर बसते ती मोठी करडी माशी याच कुळातली, पण या कुळाच्या काही शाखांनी मेलेलं खाणं सोडून जिवंत नाकतोडे धरले. त्यांतला सगळ्यात गाजलेला वंश ब्लेझॉक्सिफा. तुमची तीच आहे असं मी म्हणणार नाही, कारण या कुळात जात ठरवायची तर नर माशीचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. भल्याभल्यांचे दात इथे पडलेत.

आता गंमत पाहा. बहुतेक माशा अंडी घालतात, ही घालत नाही. अंडी आईच्या पोटातच फुटतात आणि ती थेट जिवंत अळी ठेवते. अंडं यजमानाच्या अंगावर चिकटवा, ते टिकवा, ते फुटेपर्यंत वाट पाहा, हा सगळा काळ तिने वाचवला. अळी पडल्या पडल्या आत शिरायला तयार.

नाकतोडा काही मुकाट बसत नाही. मागचे पाय लाथा मारायलाच असतात. म्हणून काही जातींच्या माशा तो उडी मारून पंख उघडतो त्या क्षणाची वाट पाहतात. पंख मिटलेले असताना तो चिलखतात असतो. पंख उघडले की मुळाशी पातळ कातडी उघडी पडते. अमेरिकेत ब्लेझॉक्सिफा केली नावाची माशी उडत्या नाकतोड्याला हवेतच धडक देते, तो खाली पडतो, तेवढ्यात अळी चिकटवून मोकळी. अळी सांध्याच्या मऊ कातडीतून आत जाते.

आत गेल्यावर तिचा धोरणी स्वभाव पाहण्यासारखा. आधी रक्त आणि चरबी, महत्त्वाचे अवयव शेवटी. घर पाडायच्या आधी त्यात राहून घ्यायचं. नाकतोडी मादी असेल तर तिची अंडाशयं खुरटतात, म्हणजे ती मरण्याआधीच पुढची पिढी कमी झालेली असते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे मरणापेक्षा कमी महत्त्वाचं नाही.

गोगलगाय | ३१ ऑगस्ट, संध्याकाळी ५:१०

'घर पाडायच्या आधी त्यात राहून घ्यायचं' हे वाचून आमचे जुने भाडेकरू आठवले.

सर, एक शंका. याला परजीवी म्हणायचं ना? शाळेत उवा आणि पिसवांना परजीवी म्हणायचे. पण ऊ माणसाला मारत नाही.

पंखपुराण | ३१ ऑगस्ट, संध्याकाळी ६:००

बरोबर पकडलंत. ऊ, गोचीड यजमानाला जिवंत ठेवून पिढ्यानपिढ्या खातात. वाघ हरणाला मारून खातो आणि पुढच्या हरणाकडे जातो. ही माशी दोघांच्या मधली: आयुष्यात एकच यजमान, तो हळूहळू खायचा आणि शेवटी मारायचा. इंग्रजी पुस्तकांत याला पॅरासिटॉइड असा वेगळा शब्द आहे. आपल्याकडे कृषी खात्याच्या पत्रकांत सरसकट 'परोपजीवी मित्रकीटक' लिहितात आणि उवेपासून गांधीलमाशीपर्यंत सगळे एका पंगतीत बसतात. मला 'परोपजीवी' चालतो, फक्त कुठला ते सांगत जा.

काळीमाती | ३१ ऑगस्ट, रात्री ९:३०

भिया, मी इंदूरजवळ सांवेरला सोयाबीन करून राहिलोय वीस वर्षं, आणि हा धागा वाचून डोक्यात दिवा लागला. बांधावर उन्हात करड्या माशा बसलेल्या असतात. तुम्ही गवतातून चाललात की नाकतोडे उडतात आणि त्या माशा पण उडतात. मला वाटायचं आपल्या पायाला घाबरून उडतात. म्हणजे आपण त्यांच्यासाठी शिकार उठवून देत होतो का?

दुसरं. सोयाबीनवरच्या अळीच्या डोक्यामागे कधीकधी पांढरे, चपटे, तांदळाच्या कणीसारखे ठिपके दिसतात. नखाने खरवडले तरी निघत नाहीत. हेही तेच का?

पंखपुराण | १ सप्टेंबर, सकाळी ७:१५

पहिल्याचं उत्तर: शक्य आहे, पण सगळ्याच करड्या माशा त्या धंद्यातल्या नसतात. उडालेल्या नाकतोड्याच्या मागे माशी सरळ जाते की भलतीकडे, एवढं पाहा.

दुसऱ्याचं: ते टॅकिनिड माशीचं अंडं. कुळ वेगळं, धंदा तोच. टॅकिनिडी हे परोपजीवी माशांचं फार मोठं कुळ आहे आणि त्यांतल्या बहुतेक जाती अळ्यांवर जगतात. काही नाकतोड्यांवरही. अंडं डोक्यामागे घालण्यात शहाणपण आहे, अळीचं तोंड तिथे पोचत नाही. अंडं फुटायच्या आत अळीने कात टाकली तर मात्र ते कातीबरोबर जातं आणि अळी वाचते.

टॅकिनिडांची एक करामत सांगितल्याशिवाय राहवत नाही. आत शिरलेल्या अळीला यजमानाचं शरीर पेशींनी वेढून गुदमरवायला पाहतं. टॅकिनिड अळी त्या वेढ्याचीच नळी करून घेते, एक टोक हवेला जोडते आणि आरामात श्वास घेते. शत्रूने बांधलेल्या भिंतीतून स्वतःची खिडकी!

रानभूल | १ सप्टेंबर, दुपारी १२:४०

टॅकिनिड निघालेच आहेत तर ऑर्मियाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. नाकतोड्याची नाही, त्याच्या चुलतभावाची, रातकिड्याची.

रातकिडा नर रात्रभर किरकिरतो, मादीला बोलावतो. ऑर्मिया ओक्रेशिया नावाची अमेरिकेतली माशी तो आवाज ऐकते. माशीला कान! मानेखाली, छातीच्या पुढच्या बाजूला दोन पडदे, दोघांत अर्धा मिलिमीटर अंतर. एवढ्या जवळच्या दोन कानांनी आवाज कुठून येतो हे कळायला नको खरं तर, पण ते पडदे मधल्या दांड्याने सी-सॉसारखे जोडलेले असतात. काळोखात ती जवळजवळ दोन अंशांपर्यंत अचूक दिशा पकडते. या रचनेवरून छोटे मायक्रोफोन बनवायचे प्रयोग झाले आहेत, श्रवणयंत्रांसाठी. किरकिर ऐकली की ती रातकिड्यावर आणि आजूबाजूला अळ्या टाकून निघून जाते. आठवड्याभरात रातकिडा संपतो.

ही माशी हवाई बेटांवर पोचली. तिथल्या काउआई बेटावर जीवशास्त्रज्ञ मार्लीन झुक यांच्या चमूला २००३ मध्ये रातकिडे भरपूर सापडले, पण आवाज जवळजवळ बंद. नव्वद टक्क्यांहून जास्त नरांच्या पंखांवरची किरकिरीची दातेरी रचनाच नाहीशी झाली होती. २००६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की हा बदल वीसपेक्षा कमी पिढ्यांत झाला. आता हे मुके नर उरल्यासुरल्या गाणाऱ्याच्या आसपास दबा धरून बसतात आणि त्याच्याकडे येणाऱ्या माद्या मध्येच अडवतात.

गोगलगाय | १ सप्टेंबर, दुपारी १:१०

म्हणजे लग्नात बँडवाल्याच्या मागे नाचून जेवून येणारे.

अप्पा_ग्वाल्हेर | १ सप्टेंबर, संध्याकाळी ७:४५

नाकतोड्यावरून मला टोळधाड आठवली. आम्ही तेव्हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहायचो. साल १९६१ किंवा ६२, मी नऊ-दहा वर्षांचा. दुपारी एकदम ऊन पिवळं पडलं. आम्हाला वाटलं वावटळ. आजी गच्चीवर वाळवण गोळा करायला धावली आणि पहिला टोळ तिच्या पदरावर पडला. मग टपटप, टपटप, गारांसारखे. सगळ्या गल्लीने डबे, परात, थाळ्या बडवायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत कडुनिंबाला नुसत्या काड्या उरल्या होत्या. आजी गेली तोवर 'टोळांच्या साली' अशीच कालगणना करायची.

२०२० च्या मे महिन्यात लॉकडाऊनमध्ये टीव्हीवर मंदसौर-नीमचला टोळ आल्याच्या बातम्या पाहिल्या तेव्हा नातवाला हे सांगितलं. तो म्हणाला, आजोबा, व्हिडिओ आहे का?

माझा प्रश्न: या माशा एवढ्या हुशार, तर त्या वेळी होत्या कुठे?

पंखपुराण | १ सप्टेंबर, रात्री ९:००

अप्पासाहेब, प्रश्न फार मोलाचा आहे. १९५९ ते ६२ हे आपल्याकडचं टोळधाडींचं मोठं सत्र होतं, तुमची आठवण त्यात नीट बसते.

आधी थोडं टोळ आणि नाकतोड्याबद्दल. ते एकाच घरातले. टोळ म्हणजे असा नाकतोडा जो एकटा असताना साधा, लाजरा, गवतात दडणारा असतो, आणि गर्दी झाली की रंग, वागणं, पुढे शरीराचा बांधासुद्धा बदलून थव्याने फिरतो. १९२१ पर्यंत लोक या दोन रूपांना दोन वेगळ्या जाती समजत. कीटकशास्त्रज्ञ बोरिस उवारोव्ह यांनी त्या वर्षी दाखवलं की जात एकच.

माशा तिथे होत्या, पण गणित पाहा. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात साधारण ४ ते ८ कोटी टोळ असतात आणि थवा वारा मिळाला की दिवसाला दीडशे किलोमीटरपर्यंत जातो. माशीला एक अळी वाढवायला, कोश करायला, पुढची पिढी उभी करायला काही आठवडे लागतात. थवा तेवढ्यात दोन राज्यं ओलांडतो. माशी म्हणजे गावचा चौकीदार. चोर पायी आला तर पकडेल, आगगाडीने गेला तर काय करणार?

एक माशी मात्र थव्याच्या मागे जाते, स्टोमोऱ्हायना लुनाटा. ती टोळाला हात लावत नाही. टोळ मादी जमिनीत भोक करून अंड्यांची गाडगी पुरते आणि वर फेसाचं बूच बसवते. ही माशी त्या फेसावर अंडी घालते, अळ्या खाली उतरून टोळाची अंडी खातात. टोळ तोवर निघून गेलेला असतो, घर तेवढं मागे असतं.

झणझणीत | २ सप्टेंबर, सकाळी १०:२०

सगळं रम्य आहे. पण उद्या कोणी व्हॉट्सॲपवर 'फवारणी बंद करा, माशा येतील' असं फिरवायला नको. २०२० मध्ये टोळ माशांनी नाही, फवारणीने आणि ड्रोनने आटोक्यात आले. सरकारची टोळ चेतावणी संघटना १९३९ पासून हेच काम करते आहे. निसर्गावर सोडलं असतं तर मालव्यात काडी उरली नसती.

काळीमाती | २ सप्टेंबर, दुपारी १:३०

झणझणीत भाऊ, थव्याचं तुमचं बरोबर. पण माझ्या शेतात थवा कधी आला नाही, नाकतोडे दरवर्षी येतात. ते पानाला भोकं पाडतात, काठाने खातात, पण सोयाबीनला फुलोऱ्याआधी थोडी पानं गेली तरी उतारा फारसा बिघडत नाही. खरा त्रास खोड पोखरणाऱ्या गर्डल बीटलचा आणि हिरव्या अळीचा. तरी लोक नाकतोडा दिसला की पंप पाठीला लावतात. मीही लावायचो. चार वर्षांपूर्वी दुकानदाराच्या सांगण्यावरून दोन औषधं एकत्र मारली, नाकतोडे मेले, आणि पुढच्या पंधरवड्यात अळी अशी चढली की विचारू नका. दुकानदार म्हणाला, अजून एक फवारा मारा. त्याचं काय जातं!

आता बांधावरचं गवत फुलात असताना कापत नाही. माझं डोकं नाही, एका कृषी मेळाव्यात ऐकलं होतं: माशा फुलांवरच्या रसावर जगतात, बांध साफ केला की त्यांचं हॉटेल बंद. शेजारी म्हणतात माझा बांध आळशाचा आहे.

ट्रायकोकार्ड मात्र आम्ही लावलेत, त्यातल्या गांधीलमाश्या अळीच्या अंड्यांवर. नाकतोड्याच्या माशीचं असं कार्ड मिळतं का?

पंखपुराण | २ सप्टेंबर, दुपारी ४:४५

असं कार्ड मी पाहिलेलं नाही, आणि कारण उघड आहे. ट्रायकोग्रामा, म्हणजे तुमच्या कार्डातली ती गांधीलमाशी, दुसऱ्या पतंगांच्या अंड्यांवर कारखान्यासारखी वाढवता येते, अंडी पुठ्ठ्याला चिकटवली की झालं. या माशीला जिवंत, धडधाकट नाकतोडे लागतात. एक माशी वाढवायला एक नाकतोडा वाढवा, म्हणजे बाजारात चार आण्याची भाजी आणायला आठ आण्याची रिक्षा. टोळांसाठी जैविक उपाय म्हणून जे प्रत्यक्ष चालतं ती बुरशी, मेटारायझियम ॲक्रिडम. आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात ती वापरली जाते, तेलात मिसळून फवारतात. फवारणीच ती, झणझणीतांचा मुद्दा शाबूत राहिला.

गवताच्या शेंड्याला मिठी मारून मेलेला नाकतोडा कधी दिसला तर तो मात्र दुसऱ्या बुरशीचा बळी, एंटोमोफागा. ती मरणाच्या आधी त्याला वर चढवते, म्हणजे बीजाणू दूर उडतील. तिथे माशी शोधू नका.

तुतीवाला | २ सप्टेंबर, रात्री ८:१५

मी बीड जिल्ह्यातला, रेशीम शेती करतो. मित्रकीटक मित्रकीटक वाचून हसू आलं. टॅकिनिडांतली एक बाई आमची वैरीण आहे, उझी माशी. रेशमाच्या अळीवर अंडं घालते, आत शिरलेल्या जागी काळा डाग पडतो, आणि कोश विणायच्या आत-बाहेर अळी संपते. विणलाच तर तिची अळी कोशाला भोक पाडून बाहेर येते, भोक पडलेल्या कोशाचा धागा सलग निघत नाही. १९८० मध्ये ती बंगालकडून कर्नाटकात शिरली आणि तिथल्या रेशीमवाल्यांना रडवलं. आमच्या शेडला चहूबाजूंनी नायलॉनची जाळी, दाराला दुहेरी पडदा. मुलं दार उघडं ठेवून आली की घरात भांडण.

तेव्हा ओसरीताई, ती माशी कुणाची मित्र आहे हे अळी कुणाची आहे त्यावर ठरतं.

ओसरी | ३ सप्टेंबर, रात्री १०:१०

काल गौरी गेल्या, आज श्वास घेतला. एवढ्या प्रतिसादांची अपेक्षाच नव्हती. सगळ्यांचे आभार, विशेषतः सर.

लेकाने आज हळूच माती बाजूला करून पाहिलं (मी नको म्हणत होते). तीन कोश, तपकिरी, पिंपासारखे, साधारण गव्हाच्या दाण्याहून थोडे मोठे. परत झाकून ठेवलेत. किती दिवस लागतील?

सासूबाईंना कळलं. बाल्कनीत तुळशीला पाणी घालायला गेल्या आणि बाटली दिसली. अर्धा तास अबोला, मग म्हणाल्या, "कोशात आहे ना? मग राहू दे. कोशातलं काही मारायचं नसतं."

पंखपुराण | ४ सप्टेंबर, सकाळी ७:००

या हवेत दहा ते पंधरा दिवस धरा. मातीवर दोन दिवसांआड पाण्याचा हलका शिडकावा. उन्हात ठेवू नका. आणि पुन्हा उकरू नका हे चिरंजीवांना माझ्यातर्फे सांगा.

सकाळच्या वेळी लक्ष ठेवा. माशी कोशातून कशी बाहेर येते ते पाहायला मिळालं तर भाग्य. तिला चावायला दात नसतात. ती कपाळातून एक पिशवी फुगवते, त्या पिशवीच्या दाबाने कोशाचं झाकण उघडतं. मग तीच पिशवी फुगवत-मिटवत माती सारत वर येते. वर आल्यावर पिशवी कायमची आत जाते, कपाळावर फक्त एक चीर राहते.

गोगलगाय | ४ सप्टेंबर, सकाळी ९:३०

कपाळातून फुगा. आणि मी सकाळी उशीवरून डोकं उचलू शकत नाही.

काळीमाती | ७ सप्टेंबर, सकाळी ११:००

काल रात्रभर अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, पाहायला इंदुरात होतो, कापड मिलवाल्यांच्या. त्यामुळे आज शेतावर उशिरा पोचलो आणि उन्हं वर आल्यावर बांधावर बसून राहिलो, बायको म्हणाली काय झालं. सर, तुम्ही म्हणालात तसं पाहिलं. मुलाला गवतातून चालायला लावलं. नाकतोडे उडाले. सात-आठ वेळा माशा भलतीकडेच गेल्या. एकदा मात्र एक माशी सरळ नाकतोड्याच्या मागे, तो बसला तिथे जवळजवळ त्याच्या पाठीवरच, आणि नाकतोड्याने लाथ झाडली. मग दोघेही दिसेनासे. एकदाच, पण पाहिलं.

पंखपुराण | ७ सप्टेंबर, दुपारी १२:२०

वही ठेवा. तारीख, वेळ, ऊन की ढग. सात-आठ वेळा काही झालं नाही तेही लिहा, तेही तेवढंच उपयोगाचं.

ओसरी | १३ सप्टेंबर, सकाळी ८:०५

आली!!! एक आली!

लेक शाळेला निघता निघता बाटलीकडे पाहायला गेला आणि ओरडला. मातीतून डोकं वर, आणि खरंच कपाळावर पांढुरका फुगा, फुगतोय, मिटतोय. बाहेर आली तेव्हा पंख चुरगळलेल्या कागदासारखे, अंग फिकट. आता पाऊण तास झाला, पंख सरळ झालेत. करडी, डोळे विटकरी लाल, पाठीवर तीन काळे पट्टे. पोटावर चौकटी चौकटी, बाटली फिरवली की काळ्याच्या जागी रुपेरी आणि रुपेरीच्या जागी काळं. सासूबाई म्हणाल्या, "ही तर आपली नेहमीचीच माशी." लेक फार दुखावला.

शाळा चुकली. मी पाठवलंच नाही.

पंखपुराण | १३ सप्टेंबर, सकाळी ८:४०

अभिनंदन! पट्टे आणि चौकटी दोन्ही आहेत, म्हणजे कुळ नक्की. नेहमीचीच माशी वाटते हे सासूबाईंचं निरीक्षण बरोबर आहे, बाहेरून फरक ओळखता येत नाही म्हणूनच तर या माशा कुणाच्या लक्षात येत नाहीत. साखरेच्या पाण्यात भिजवलेला कापूस ठेवा म्हणजे लगेच मरणार नाही.

सोडायची की ठेवायची ते चिरंजीवांना ठरवू दे. सोडणार असाल तर घरात नको, जिथून नाकतोडा आणला त्या प्लॉटवर.

ओसरी | १५ सप्टेंबर, रात्री ९:५०

काल दुसरीही निघाली. दोघींना (की दोघांना?) आज संध्याकाळी प्लॉटवर सोडलं. प्लॉटवर आता कुणीतरी चुन्याच्या रेघा मारल्या आहेत, बांधकाम सुरू होणार बहुतेक. पुढच्या वर्षी दूर्वा कुठून आणायच्या ते पाहावं लागेल.

तिसरा कोश अजून तसाच आहे. लेकाला वाटतं यातून काही निघणार नाही, पण तो बाटली टाकू देत नाहीये.

काळीमाती | १५ सप्टेंबर, रात्री १०:२०

ताई, मलापण शेतातले चार-पाच सुस्त नाकतोडे बाटलीत घालून पाहायचे आहेत. तोंडाला कापड कुठलं बांधलं होतं? आमच्याकडे मच्छरदाणी आहे, पण तिची भोकं मोठी वाटून राहिली.

ओसरी | १५ सप्टेंबर, रात्री १०:३५

मच्छरदाणी नको. श्रीखंडासाठी चक्का बांधतो ते पंचाचं फडकं घ्या, दुहेरी. सासूबाई दोन आठवडे शोधत आहेत, कृपया कुणी बोलू नका.